अस्करच्या रस्त्यावरची रुई

पप्पांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, पण बंद केली नाही.

"दोन मिनिटं," ते म्हणाले. "इथं जास्त थांबू देत नाहीत."

उजव्या हाताला तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे कारखान्याच्या लांबच लांब शेड, आणि अलीकडे, वाळूत आणि खडीत, रुई उभी होती. माझ्या उंचीची. नोव्हेंबर लागला तरी अस्करच्या या रस्त्यावर दुपारी उन्हाचा चटका बसतो, आणि ती मात्र जाड, फिकट हिरवी पानं पसरून अशी उभी होती की जणू तिच्यासाठी ऊन पडलंच नव्हतं. पानांवर पिठासारखी पांढरी लव. बोट फिरवलं तर निघून येणारी. फांदीच्या टोकाला फुलांचा झुबका होता. पाच पाकळ्या, पांढऱ्या, फक्त टोकांना जांभळ्या, आणि मध्ये एक छोटा मुकुट.

मी अमरावतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे; आई-पप्पा इथं आखातात, त्यांच्याकडे सुट्टीला आले होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे माझ्या प्रत्येक गोष्टीकडे घरचे जरा कौतुकानं आणि जरा संशयानं बघतात. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या झाडपाल्याच्या, फाइलसाठी सरांनी सुट्टीत बाहेरगावचा एक नमुना आणायला सांगितलं होतं. अमरावतीच्या माळावर जी रुई भेटते तिची फुलं सगळीच जांभळट, पाकळ्या पसरलेल्या. इथली पाकळी वर उभी राहते, पेल्यासारखी. मला तो फरक कागदावर दाखवायचा होता. हे खरं आहे. पण एवढंच खरं नाही, आणि ते कसं सांगायचं हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"अमरावतीत रुई भेटत नाही काय?" पप्पांनी काच खाली करून विचारलं. "विमानात बसून रुई तोडाले आली पोरगी. आमच्या गावात बकरीबी त्याले तोंड लावत नाही."

मी हसले. मग पिशवीतून हातमोजे काढले, आणि पाठमोरी होऊन घातले.

लहानपणी आम्ही इथंच, शहरातल्या जुफैर भागात राहायचो. आता तिथं एकापुढे एक टॉवर आहेत आणि टॅक्सीवाले संध्याकाळी वळायलासुद्धा जागा देत नाहीत. आमची इमारत मात्र जुनी होती, तीन मजली, आणि तिच्या शेजारी एक रिकामा प्लॉट होता. त्या प्लॉटमध्ये फुटक्या टाइल्स होत्या, एक गंजलेली पाण्याची टाकी होती आणि रुईची चार झाडं होती. बाकी काहीच उगवायचं नाही. हिवाळ्यात एखाद्या दिवशी पाऊस पडायचा, प्लॉटमध्ये गुडघाभर पाणी साचायचं, आठवडाभर बेडूक नसलेलं ते तळं नुसतं वास मारायचं, आणि पाणी आटलं की रुई पुन्हा तशीच, पाय न भिजल्यासारखी. मी शाळेतून आले की दप्तर ठेवून आधी तिथं जायचे. झाडांवर नारिंगी फुलपाखरं असायची, पंखांच्या कडेला काळी पट्टी आणि त्यात पांढरे ठिपके. पानांखाली त्यांच्या अळ्या. काळे, पांढरे, पिवळे पट्टे. अळी पान खाण्याआधी पानाची मधली शीर कुरतडते. तिथून चीक वाहून जातो, मग ती निवांत पुढचा भाग खाते. हे मी अकराव्या वर्षी तासन्‌तास बघितलं होतं. पुस्तकात ते मी नऊ वर्षांनी वाचलं.

आणि म्हातारी. रुईचं फळ वाळून उकललं की त्यातून रेशमासारख्या तंतूंची बी बाहेर पडते, वाऱ्यावर तरंगते, तिला आमच्याकडे म्हातारी म्हणतात. आईनं मला शिकवलेला तो पहिला खेळ. म्हातारी पकडायची, तळहातावर ठेवायची, फुंकायची. जुफैरच्या त्या रस्त्यावर, जवळच्या तळावरच्या नेव्हीच्या लोकांच्या मोठ्या गाड्यांच्या मधून, आई आणि मी म्हाताऱ्यांच्या मागे पळायचो. आई पदर खोचून पळायची. कोपऱ्यावरचा दुकानवाला हसायचा.

आई मला पानांसाठीही पाठवायची. पप्पा तेव्हा एका वर्कशॉपमध्ये क्रेन चालवायचे. छताखालून रुळांवर सरकणारी क्रेन, आणि तिची केबिन खूप उंच. दिवसातून आठ-दहा वेळा लोखंडी शिडी चढायची-उतरायची. गुडघा सुजायचा. आई रुईचं पान घ्यायची, त्याला तिळाचं तेल लावायची, तव्यावर शेकायची आणि गरम गरम गुडघ्यावर ठेवून जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधायची. घरभर तो वास. तेलाचा, हिरव्या कडूपणाचा, आणि त्यात मिसळलेला पप्पांच्या वर्कशॉपच्या कपड्यांचा, ग्रीसचा. तो वास आला की मला वाटायचं, आता सगळे घरी आहेत.

"नुसती पानं तोडजो," आई बजावायची. "फळाले हात लावू नको. चीक लागला तं डोळ्याले हात लावू नको. आधी हात धुवाचे."

शुक्रवारी सलीमभाई जेवायला यायचे. ते पप्पांचे खालचे माणूस होते. म्हणजे पप्पा वर केबिनमध्ये, आणि सलीमभाई खाली उभं राहून हाताच्या खुणांनी सांगायचे, उचल, थांब, डावीकडे, हळू. कित्येक टनांचं लोखंड त्या एका माणसाच्या तळहातावर चालायचं. ते तिकडे उत्तरेतल्या सिवानचे, पप्पा अकोल्याच्या बाजूचे. एकमेकांशी बोलायचे ती हिंदी दोघांचीही नव्हती. आईची ज्वारीची भाकरी आणि ठेचा त्यांना इतका आवडायचा की डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबायचे नाहीत. "भाभी, ये चटनी नहीं, बदला है," म्हणायचे. पप्पा म्हणायचे, "खा, खा. खाली उभा राहून माझ्यावर हुकूम करतो ना दिवसभर." मग दोघंही हसायचे, आणि सलीमभाई माझ्यासाठी आणलेल्या खजुराचा डबा उघडायचे.

कात्री मी अजून फांदीला लावली नव्हती. मागे गाडीचा हॉर्न वाजला.

"यल्ला, चल बेटा," पप्पांचा आवाज. "ट्रक येऊन राह्यले."

नऊ वर्षांपूर्वी, आईनं पानांना पाठवलं त्या एका दिवशी, मला म्हातारी हवी होती. फळं हिरवी होती, कैरीएवढी, फुगलेली. हातात घेतलं की कैरीसारखं जड लागत नाही, आत हवा असते. एकही उकललेलं नव्हतं. मला वाट बघवली नाही. मी एक फळ तोडलं आणि दोन्ही अंगठ्यांनी फाडलं. आत रेशीम होतं खरं, पण ओलं, घट्ट, माशाच्या खवल्यांसारखं एकावर एक बसवलेलं. उडण्याजोगं काहीच नव्हतं. आणि दूध. देठातून, सालीतून, पांढरं दूध माझ्या मनगटापर्यंत आलं. मी घाबरले. पानं तोडली, पळत घरी आले. आई स्वयंपाकघरात होती. बेसिनपाशी गेले असते तर तिनं विचारलं असतं. बाल्कनीत दोरीवर पप्पांचा निळा टॉवेल वाळत होता. मी त्याला हात पुसले. दोन्ही बाजूंनी, बोटांच्या मधून, नीट. चीक वाळला की दिसत नाही.

चार वाजता पप्पा शिफ्टहून आले, तोंड धुतलं, आणि टॉवेल ओढून चेहरा खसाखसा पुसला.

दुखलं नाही. हेच मला आज सगळ्यात भीतीदायक वाटतं. दुखलं असतं तर ते ओरडले असते, आईनं पाणी मारलं असतं, मी रडत सांगून टाकलं असतं. पण काहीच झालं नाही. त्यांनी चहा प्यायला, गुडघ्याला पान बांधून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, बल्बभोवती रंगीत कडं दिसून राह्यलं. आईला वाटलं, झोप झाली नसेल. दुपारपर्यंत उजव्या डोळ्यापुढे धूर आला.

आठ दिवसांनी कंपनीचं वार्षिक मेडिकल होतं. क्रेनवाल्याचं मेडिकल म्हणजे डोळे. आमच्या घरात त्या आठ दिवसांत कुणी मोठ्यानं बोललं नाही. पप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरपासून सहा पावलं मागे जाऊन डावा डोळा झाकायचे आणि तारखा वाचायचे. मोठे आकडे वाचता यायचे. खालची छोटी अक्षरं यायची नाहीत. मग एक पाऊल पुढे. मग आणखी एक. मी सोफ्यावर पुस्तक धरून बसायचे आणि त्यांची पावलं मोजायचे.

डॉक्टरकडे मीही गेले होते, शाळेला सुट्टी होती. डॉक्टर बाई हिंदी बोलायच्या. त्यांनी डोळ्यात उजेड टाकून बघितलं आणि विचारलं, "कुछ गिरा था आँख में? केमिकल? किसी पौधे का दूध?"

मी फिरत्या स्टुलावर बसले होते. स्टूल थांबवलं.

"पौधा तो नहीं," पप्पा म्हणाले. "वर्कशॉप में उस दिन सलीम ने हवा मारी थी. पाइप से. मेरे पास ही."

कामाच्या शेवटी अंगावरची, यंत्रावरची धूळ उडवायला तिथं हवेचा पाइप मारतात. मारू नये असा नियम आहे, पण मारतात. पप्पांना आठवून आठवून तेवढंच सापडलं होतं. गाडीत बसल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय झालं तुले? काहून गप आहे?"

"नथिंग, पप्पा," मी म्हणाले. खोटं बोलायचं असलं की मी इंग्रजीत बोलायचे. मराठीत ते जिभेवर यायचं नाही.

घरी आल्यावर आईनं भाकरी थापता थापता, मान वर न करता विचारलं, "त्या दिवशी हात धुतले होते ना तू?"

"यस, आई."

तिनं पुन्हा विचारलं नाही. पण त्यानंतर तिनं मला कधीही पानं आणायला पाठवलं नाही. गुडघा दुखत राहिला. तव्यावरचा तो वास आमच्या घरातून गेला तो गेलाच.

थेंब घालून धूर बराच विरला, पण मेडिकलला खालच्या दोन ओळी वाचता आल्या नाहीत. पप्पांना क्रेनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. नट-बोल्टची खोकी. क्रेनच्या केबिनच्या झरोक्यातून समुद्राची एक पट्टी दिसायची म्हणे, बोटभर रुंद. ते मला रोज सांगायचे आज समुद्र कोणत्या रंगाचा होता. स्टोअरला खिडकी नव्हती. ते सांगणं थांबलं. कंपनीनं चौकशी केली, पप्पांनी सलीमभाईंचं नाव लिहून दिलं, सलीमभाईंना वॉर्निंग लेटर मिळालं आणि त्यांना क्रेनखालून हलवलं. वर्षभरात त्यांनी ती नोकरी सोडली. त्याआधी ते एकदा आमच्या दारात आले होते. शुक्रवार होता. आत आले नाहीत. "कसम से, भाई," म्हणाले, "पाइप उस दिन मेरे हाथ में था ही नहीं." पप्पा म्हणाले, "खलास, सलीम." आणि दार लावलं. मी आतल्या खोलीच्या पडद्यामागे होते. पडद्याला धुळीचा वास येत होता. त्यांच्या चपला जिन्यावरून उतरताना मी ऐकल्या, तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत, सगळ्या.

हे सगळं मी इतकी वर्षं कसं ठेवलं, मला नीट सांगता येणार नाही. अकरा वर्षांची मुलगी विसरते. मीही विसरले होते, किंवा विसरल्यासारखं केलं होतं. मनात कुठेतरी म्हणायचे, टॉवेलमुळे झालं असेल कशावरून? मग या जुलैमध्ये प्रॅक्टिकलला सरांनी रुईची फांदी वर धरली. म्हणाले, "चीक डोळ्यात गेला तर बऱ्याचदा दुखत नाही. नंतर धूसर दिसतं. दिव्याभोवती कडी दिसतात. म्हणून माणसाला कारण कळत नाही." सगळे वहीत लिहीत होते. मीही लिहिलं. माझं अक्षर त्या पानावर ओळखू येत नाही.

मी फांदीला कात्री लावली. देठ तुटला आणि लगेच दूध आलं, थेंब थेंब, वाळूवर. कागदात फांदी एका हातानं दाबता येईना. फांदी वळत होती.

"सोड, मी धरतो." पप्पा गाडीतून उतरून माझ्याशेजारी आले होते, मला कळलंच नाही. त्यांनी उघड्या हातानं फांदी पकडली. दूध त्यांच्या अंगठ्यावरून मनगटावर ओघळलं. कपाळावर घाम होता. त्यांनी तोच हात वर उचलला, घाम पुसायला.

"पप्पा, हात!"

मी किंचाळले असणार, कारण कुंपणापलीकडे चालणारा एक माणूस थांबून बघू लागला. मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. डोळ्यापासून वीतभर अंतरावर.

"अवं, दूधच तं हाये," ते म्हणाले. "काय झालं?"

मी गाडीतून पाण्याची बाटली आणली. सगळी त्यांच्या हातावर ओतली. मग दुसरी. बोटांच्या मधून, नखांखालून, चोळून चोळून. ते लहान मुलासारखे हात पुढे करून उभे होते. आणि हात धुता धुता, वर न बघता, मी सांगितलं. फळ, टॉवेल, डॉक्टर बाईंचा प्रश्न, सगळं. मराठीत सांगितलं.

एक ट्रक गेला, वाळू उडाली, दोघांनीही तोंड फिरवलं. बराच वेळ ते आपल्या ओल्या तळहातांकडे बघत होते.

"नऊ वर्षं झाले," ते म्हणाले. एवढंच.

"पप्पा, मला मारा तरी."

"मारून काय होते आता?" मग, "तुह्या आईले माहीत हाये?"

"मी नाही सांगितलं. पण मला वाटतं, तिला माहीत आहे."

त्यांनी मान हलवली. गाडीत बसले. मीही बसले. फांदी कुंपणापाशीच राहिली होती, मी परत जाऊन आणली नाही. घराकडे जायचं वळण आलं आणि गाडी वळली नाही. सरळ गेली. मी विचारलं नाही. गेल्या नऊ वर्षांत त्यांनी सलीमभाईंचं नाव एकदाही घेतलं नव्हतं, पण सित्राच्या गॅरेजांच्या गल्ल्यांमध्ये ते कुणालाही न विचारता वळत गेले. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. म्हणजे ते या गल्लीतून कधीतरी गेले होते. कितीदा, ते मला माहीत नाही.

टायरचं दुकान होतं. बाहेर जॅकवर एक गाडी उचललेली, आणि तिच्याशेजारी उकिडवे बसलेले सलीमभाई. दाढी पांढरी झाली होती. पप्पांनी या वेळी इंजिन बंद केलं.

"तू सांगशील," ते म्हणाले. "मी नाई. मले तोंड नाही."

मी उतरले, पप्पाही मागून उतरले. पाय फार पटकन चालले आणि मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले तेव्हा काय म्हणायचं हे ठरलंच नव्हतं. त्यांनी वर बघितलं. ओळखलं नाही. मग माझ्या मागे उभ्या असलेल्या पप्पांना बघितलं, आणि मला ओळखलं.

"चाचा," मी म्हणाले, "पप्पा की आँख में आपकी हवा नहीं गई थी. मेरे हाथ का दूध गया था. आक का. मैंने टॉवल से हाथ पोंछा था. डॉक्टर ने पूछा था, मैं वहीं थी. मैंने नहीं बताया."

माझी हिंदी शाळेतली आहे, रुईला आक म्हणतात तेही तिथलंच. ती वाक्यं परीक्षेतल्या उत्तरासारखी वाटली. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. रबराचा, गरम डांबराचा वास येत होता. जॅकवरच्या गाडीचा मालक सावलीत फोनवर अरबीत बोलत होता.

"तब कितने साल की थी तू?"

"ग्यारह."

त्यांनी हळूच मान हलवली, स्वतःशीच, आकडा कुठेतरी नीट ठेवून द्यावा तशी. "ग्यारह साल वाली की बात मैं नहीं पकड़ता, बेटी." मग उठले. उठायला वेळ लागला. आणि माझ्या खांद्यावरून, मागे, पप्पांकडे बघत म्हणाले,

"लेकिन तू तो चालीस का था."

पप्पा काही तरी बोलतील म्हणून मी थांबले. सलीमभाईही थांबले. पप्पांचे ओठ हलले, हिंदी शब्द येईना, आणि मग ते आमच्या घरच्या बोलीतलं "हो" म्हणाले, "हाव."

सलीमभाई पुन्हा खाली बसले, पाना उचलला आणि चाकाचे नट आवळू लागले. एक, मग समोरचा, मग दुसरा. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. जा असंही म्हटलं नाही. आम्ही दोघं उन्हात उभे राहिलो, त्यांचं काम संपेपर्यंत.